दाराला पांढरा टॉवेल

२ नोव्हेंबर
तोक्यो सुटलं एकदाचं. कामेउरातलं हे घर झकास आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर. मधे काँक्रीटची भिंत असल्यामुळे दिसत मात्र नाही. माझ्या सदरातल्या विनोदासारखाच, आहे असं सगळे सांगतात. शेजारच्या नागानुमा तोमिएबाई समुद्रशेवाळाचं लोणचं आणि एक पांढरा टॉवेल घेऊन आल्या. म्हणाल्या, लेखक लोक चालतात कमी, म्हणून आधीच सांगते. जमीन हलली की हा दाराच्या मुठीला बांधायचा आणि टेकडीवरच्या देवळाकडे पळायचं, कुणासाठी थांबायचं नाही. टॉवेल दिसला म्हणजे घर रिकामं. मागच्या त्सुनामीत त्यांचे यजमान, अग्निशमन दलातले, एक दार वाजवत राहिले. आतला माणूस ओ देईना. दोघंही गेले.

५ नोव्हेंबर
आज त्सुनामीचा सराव. भोंगा झाला, मी टॉवेल बांधला आणि आत येऊन गरम दुलईत पाय घालून झोपलो. थंडीत टेकडी कोण चढणार? संध्याकाळी तोमिएबाईंनी तोंडभरून कौतुक केलं: शहरातले असून केवढी शिस्त, आमचे हे असते तर खूश झाले असते. मी कमरेतून वाकलो. मान वर करवेना.

८ नोव्हेंबर
घडी करून ठेवलेला टॉवेल सकाळी पुन्हा मुठीला. ओला. खाऱ्या पाण्याचा वास. पोरांचा चावटपणा असावा.

११ नोव्हेंबर
पोरं नव्हेत. पहाटेच्या धुक्यात अग्निशमन दलाची माणसं, हेल्मेटांतून पाणी गळतंय. माझ्या दाराशी एकाने विचारलं, आत आहात ना? छातीवर नाव – नागानुमा. मी ओ दिली नाही.

१२ नोव्हेंबर
तोमिएबाईंना सांगायला गेलो. सांगायचं तर सरावाच्या दिवशी झोपलो होतो, हेही सांगावं लागणार – नुसता चहा पिऊन परत आलो.

१५ नोव्हेंबर
हादरा. खरा. चौकट वाकली, दार उघडत नाही, खिडकीची झडपही नाही. टॉवेल बाहेर आहेच, त्या धुक्यातल्या माणसांनी बांधलेला. भोंगा –

तोमिएबाई दाराशी. म्हणताहेत, टॉवेल आहे, पण मन मानत नाही. आहात का आत? ओ दिली तर त्या हे दार सोडणार नाहीत –

दिली नाही. मनगट चावून गप्प राहिलो. पावलं टेकडीकडे – गेल्या.

पुन्हा थाप. बऱ्याच हातांची, ओल्या. आत आहात ना? आहे, म्हणालो, सरावाच्या दिवशीही इथेच – ते म्हणाले, ठाऊक आहे. थांबतो आम्ही. आम्हाला आता कसलीच घा–