चाळीस ताटल्यांवरचं नाव

मु. आवळीपाडा, तालुका मोखाडा

गोदीबाय हिला चैतीचा, पाड्यातल्या सगळ्या पोराटोरांसकट, रामराम.

(पत्र लिहिणारी मीना विचारते, वर "तीर्थरूप" लिहू का. म्हटलं, गोदी माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे. ती चार सांगते, ते खोटं. मग "चिरंजीव" लिहू का म्हणाली. म्हटलं, ते तर आता नकोच, आणि मीना खाली बघायला लागली. का, ते पुढे येईलच.)

आम्ही इकडे सारे धडधाकट आहोत. नागली बरी आली. भात अर्धं उंदरांनी खाल्लं, अर्धं आम्ही. माझा डावा कान गेला, पण तू इथे नसल्यामुळे त्याचं काही अडत नाही. तुझे गुडघे कसे आहेत? लेकीच्या तिसऱ्या मजल्यावर चढताना देवाचं नाव घेतेस की जावयाचं? दोन महिन्यांसाठी म्हणून नाशिकला गेलीस आणि इथे तुझ्यावाचून भाताच्या दोन आवण्या झाल्या. तिथे नळाला पाणी आहे, पंखा आहे, नातवंडं आहेत, सगळं मान्य. पण भांडायला कोण आहे? पत्र लिहिते आहे ती माझी सून मीना. तुझ्याच बालवाडीत नाक पुसायला शिकली आणि आता तिथलीच बाई झाली. मी सांगते तसंच लिही, मधे आपलं शहाणपण घालू नकोस, असं तिला बजावलं आहे, तरी चुकलं माकलं तिचं समज आणि नीट असेल ते माझं.

तर गोष्ट अशी. आपली बालवाडी आता एका संस्थेच्या कार्यक्रमात गेली आहे. संस्था शहरातली आहे, माणसं वाईट नाहीत. पत्रे बदलले, संडास बांधला, भिंतीवर हत्ती काढला (सोंड जरा आखूड झाली आहे, पण पोरांची तक्रार नाही). पण हत्तीला जागा हवी म्हणून रंगाऱ्याने भिंत पांढरी केली, तेव्हा "गोदीची बालवाडी" ही तुझी पाटीही त्या पांढऱ्यात गेली. वर लिहिलं, "बालविकास केंद्र क्रमांक सत्तावीस". मी आपली रंगाऱ्याला विचारते, बाबा, पहिली सव्वीस कुठे आहेत? त्याला माहीत नव्हतं. संस्थेचे संदीप साहेब आले तेव्हा आम्ही बाया जाऊन त्यांच्यापुढे बसलो आणि म्हटलं, हत्ती राहू दे, नंबर राहू दे, पण नाव परत घाला. ते भले माणूस. वय तिशीच्या आतलं, चष्मा, आणि आमच्या उन्हाने लाल झालेलं नाक. त्यांनी कागद काढून बघितला आणि म्हणाले, "आजी, आमच्या नियमात माणसाचं नाव देता येतं, पण ते माणूस हयात नसावं. त्या बाई आहेत का?" मी म्हटलं, "आहे म्हणजे? नाशिकला आहे, एका बैठकीला तीन भाकरी खाते." झालं. तीन भाकरींपायी नाव गेलं.

आता तू म्हणशील, चैते, नावाचं काय घेऊन बसलीस. तुला काही वाटणार नाही हे मला माहीत आहे. तुझा स्वभावच तसा. तालुक्याच्या साहेबाने खोली मंजूर करायला दोन वर्षं लावली, तेव्हा तू तीस पोरं नेऊन त्याच्या कचेरीत बसवलीस, "संध्याकाळी न्यायला येते हं साहेब" म्हणालीस आणि बाजाराला निघून गेलीस. महिन्यात खोली मिळाली. ते सुद्धा तू कधी कुणाला सांगत नाहीस, मलाच सांगावं लागतं. पण मला नाव हवं आहे, आणि ते का, हे तुला ठाऊक असलं तरी आज लिहून घेते, कारण मीनाला ते कुणी नीट सांगितलेलं नाही.

त्या वर्षी आवणीला मी परक्याच्या शेतावर होते. दिपेश पाच वर्षांचा. त्याच्यावर धाकटीला सोपवून गेले होते. सगळ्याच बाया तसं करायच्या. त्याला बांधावर खेकडा दिसला. पाच वर्षांच्या पोराला खेकडा दिसल्यावर दुसरं काय दिसणार? ती रांगत खाचरात गेली. पाणी माझ्या घोट्याएवढं होतं. तिचं नाव ठेवायचं राहिलं होतं. भात घरात आलं की ठेवू, म्हटलं होतं. दिपेशला आम्ही कधी एका शब्दाने बोललो नाही. (इथे मीनाचा हात थांबला आहे. थांबू दे. दिपेश तिचा नवरा आहे, तिला वेळ लागेल.) तिसऱ्या दिवशी सकाळी तू दारोदार फिरलीस आणि पाड्यातलं एकूण एक पोर उचलून तुझ्या ओट्यावर नेऊन बसवलंस, ओट्याला दोरी आडवी बांधलीस आणि स्वतः दोरीशी बसलीस. तुझी आवणी बुडाली. नवऱ्याने तुला शिव्या दिल्या, त्या मी दोन घरं पलीकडून ऐकल्या. त्या पावसापासून आजपर्यंत आवणीच्या दिवसांत आवळीपाड्याचं एकही पोर गेलं नाही. हे सत्तावीस नंबरने केलेलं नाही.

म्हणून मी विचार केला की भिंत रंगवता येते, स्टील रंगवता येत नाही. बालवाडीच्या चाळीसही ताटल्या पोत्यात भरल्या आणि जीपने जव्हारला गेले. (जीपवाल्याने पोत्याला माणसाची जागा दिली आणि मला पोत्याची.) बाजारात निजामभाई आहेत ना, भांड्यांवर नावं घालणारे, त्यांच्या पुढ्यात पोतं ओतलं. सांगितलं, गोदीबाईचं नाव घाला, आणि कडेला नको, मधोमध घाला, म्हणजे पोराने ताटली चाटूनपुसून खाल्ली की नाव वर येईल. त्यांनी विचारलं, या कोण? आता त्यांनी विचारलं म्हणून मी सांगायला बसले. दोरीचं सांगितलं, साहेबाच्या कचेरीचं सांगितलं, आपल्या बाया तुझ्या भरवशावर कशा शेतात जायच्या ते सांगितलं. सांगता सांगता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (हे वाचून फुगू नकोस, बाजारात मिरच्यांची पोती उघडी होती.) निजामभाईंनी मशीन बंद केलं, मान खाली घातली आणि ओठातल्या ओठात काहीतरी म्हटलं. आतून त्यांची बायको राबिया आली, तिने माझा हात धरला आणि चहा दिला. मी आपली मनात म्हणते, बघा, जव्हारमध्ये आपल्या गोदीला काय मान आहे!

गोदे, जिवंत माणसाबद्दल इतकं चांगलं कुणी बोलत नाही. निजामभाईंनी आयुष्यभर भांड्यांवर नावं घातली आहेत, त्यांना माणसांचा अनुभव आहे. एक म्हातारी रडते आहे, पुढ्यात चाळीस ताटल्या आहेत, मग ते जे नेहमी घालतात तेच त्यांनी घातलं. चाळीसच्या चाळीस ताटल्यांवर, सुबक, मधोमध, "कै. गोदीबाई".

मला वाचता येत नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? मी ताटल्या मिरवत आणल्या. मीना त्या दिवशी बैठकीला मोखाड्याला गेलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच पोरांना खिचडी वाढायला बसले, आणि नेमके संदीप साहेब आले. मी त्यांनाही वाढली. भुकेलेले होते, मन लावून खात होते. खिचडी खाली खाली गेली तसा त्यांचा घास हळू झाला, आणि शेवटी ताटली खाली ठेवून ते उभेच राहिले. मला म्हणाले, "आजी, माफ करा. त्या दिवशी मी असं बोलायला नको होतं. मागच्याच महिन्यात तुम्ही म्हणालात, तीन भाकरी खातात." चष्मा काढून पुसायला लागले. तेवढ्यात मीना आत आली, तिने ताटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं काय झालं ते. साहेब म्हणत होते की आता नियमाची काही अडचण नाही, मी स्वतः नाव मंजूर करून घेतो. आणि मी, जी झोपेतसुद्धा बोलते असं तूच म्हणतेस, ती मी गप्प बसले. मला एक शब्द बोलायचा होता, "जिवंत आहे." तो बोलले नाही. (मीना अजून म्हणते की मी हे मुद्दाम घडवून आणलं. तिला वाटतं मी तेवढी हुशार आहे. वाटू दे.)

पाड्यात सगळ्यांना कळलं. पोश्या भगत काठी टेकत आला आणि म्हणाला, "नाव गेलेल्यांत घातलंत, आता तिचा दिस घाला, नाहीतर ती भटकेल." मी म्हटलं, "ती जिवंतपणी काय कमी भटकली?" तर म्हणतो, "ते वेगळं, त्यात कोंबडा लागत नव्हता." कोंबडा काही मी दिला नाही. पण दोघी तिघी आया आपल्या पोरांची ताटली घरून आणायला लागल्या आहेत. गेलेल्याच्या नावावर पोर जेवायला नको वाटतं त्यांना.

फोन का केला नाही, असं विचारशील. फोनवर तू "हां, बोल चैते" म्हणाली असतीस, आणि मला पुढे बोलता आलं नसतं. माणूस मारून वर त्याचा आवाज कोण ऐकणार? आणि एक सांगते, हसू नकोस. वीस वर्षं तू मला राखेत बोट फिरवून माझ्या नावाचं पहिलं अक्षर शिकवत होतीस, ते मला कधी आलं नाही. पण ताटल्या मी रोज घासते. तुझ्या नावाच्या आधीचं ते अक्षर, वर दोन तुरे असलेलं, आता मला लांबून ओळखू येतं. बसच्या पाटीवर, दुकानावर, कुठेही शोधते. जन्मात एक अक्षर आलं, ते हे.

असो. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी पाटी लागायची आहे. मोठी, लोखंडी, तुझ्या नावाची. तुझा फोटो मागितला आहे, हार घालायला. आमच्याकडे एकच आहे, त्यात तू काखेत करडू धरून दात काढून हसते आहेस. गेलेलं माणूस इतकं हसत नाही. तेव्हा गंभीर तोंडाचा एक फोटो पाठव, आणि त्या सोमवारी मोखाड्याच्या गाडीत बसू नकोस, एवढीच विनंती. लेकीला, जावयाला, नातवंडांना आशीर्वाद.

तुझी, अजून आहे ती,
चैती
(अंगठा मीनाने घेतला आहे. शाई जास्त झाली.)

ता. क. अगदीच राहवलं नाही तर ये, पण तुझी बहीण म्हणून ये. डोक्यावरून पदर घे आणि कोपऱ्यात बस. तुझ्याबद्दल लोक काय बोलतात ते ऐकायची तुला पहिल्यापासून हौस आहे.

ता. क. मीनाने आत्ता वरचं सगळं मला वाचून दाखवलं. ऐकताना वाटलं, कुठली बाई आहे ही, मैत्रिणीला म्हणते येऊ नकोस. तेव्हा तो सोमवार, तो पदर, तो कोपरा, सगळं खोडून टाक. मीनाकडून संदीप साहेबांना फोन लावून घेतला आणि मीच बोलले. म्हटलं, साहेब, गोदी जिवंत आहे, तुम्ही विचारलंत तेव्हा मी तोंड मिटून बसले. मी त्यांच्या ओरडण्याची वाट बघत होते. तर ते म्हणाले, "बरं झालं आजी, आहेत त्या." मग म्हणाले, पाटी आता होणार नाही. आणि कागद पुढे गेलेला आहे, त्यावर गेलेलं म्हणून लिहिलेलं माणूस परत आणायचं तर त्या माणसाने स्वतः आधार कार्ड घेऊन समोर उभं राहावं लागतं. मीना म्हणते, हे कुरियरनेही होत असेल, विचारून बघू. तिला म्हटलं, तू काही विचारू नकोस.

तेव्हा गोदे, नाव तर गेलं. तू आधार कार्ड घेऊन ये. सापडत नसेल तर तशीच ये.