नवं नेटवर्क आणि माझी दूरदृष्टी

३ जानेवारी
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. लोक जळतात.
बायकोने शिवणकाम करून साठवलेले सगळे पैसे काल मी माझ्या लाडक्या क्रिप्टो कॉइनमध्ये टाकले. तिला कोपऱ्यावरचा रिकामा गाळा घ्यायचाय. सध्या मशीन स्वयंपाकघरात, फ्रिजला चिकटून. तिला म्हटलं, वर्षअखेर अख्खी बिल्डिंग घे. म्हणाली, गाळाच हवाय. दृष्टीच लहान, काय करणार!

११ जानेवारी
कॉइनच्या नेटवर्कचा अपग्रेड झाला. नक्की काय झालं ते मला अजून कळलेलं नाही, पण जेवताना सगळ्यांना सविस्तर समजावलं. लॉन्ग टर्म भवितव्य उज्ज्वल. सासूबाईंनीही पेन्शनमधले थोडे पैसे टाकले. वर विचारतात, आपल्याला काही करावं लागेल का? हसू आवरेना. म्हटलं, काही करायचं नाही, नुसतं बसून राहायचं. त्यात माझा हात कोण धरणार!

२ फेब्रुवारी
भाव घसरला. दात घासताना बघितला, बसमध्ये बघितला, ऑफिसात बघितला. बघताना साहेबांनी बघितलं.
संकल्प: लॉन्ग टर्म माणूस भाव बघत नाही. ॲप काढून टाकलं. कॉइनवाल्यांचे ईमेलही बंद. मन कसं शांत!
संध्याकाळी ॲप परत टाकलं. परत काढलं.

१९ फेब्रुवारी
सासूबाईंना फोनवर म्यूट केलं. सकाळी फुलं, दुपारी गुडघेदुखीवर उपाय, आणि आता 'जावईबापू, हे वाचलंत का?' म्हणून कॉइनच्या हातभर नोटिसा. मीच शिकवलं, आता मलाच शिकवतायत! बायको म्हणाली, अहो, आई म्हणते काहीतरी बटण दाबायचंय. म्हटलं, फसवणाऱ्यांचे धंदे ते. कशाला हात लावायचा नाही.

३१ मार्च
मी वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसतो. आज डोकंच फिरलं. जुना मीटर बदलून घ्यायची मुदत टळल्यावर एक गृहस्थ उगवले. गयावया करायला लागले. चांगलं सुनावलं. नोटीस वाचायला काय होतं? मुदत म्हणजे मुदत. बिचारा मान खाली घालून गेला. लोक इतके बेफिकीर कसे असतात, देव जाणे.

२० सप्टेंबर, सकाळ
मी म्हणत नव्हतो? पेपरात बातमी: कॉइन दसपट! बायकोला लगेच गाळा बघायला पिटाळलं. ॲप परत टाकतोय.

दुपार
शून्य दाखवतंय. सर्व्हर डाउन असणार.

संध्याकाळ
कॉइनवाल्यांच्या मदत केंद्राला फोन केला. एका मुलीने गोड आवाजात सांगितलं, अपग्रेडनंतर जुनी कॉइन्स नव्या नेटवर्कवर हलवायची होती. एक बटण दाबलं की काम झालं. शेवटची तारीख ३१ मार्च. आता जुनं नेटवर्क बंद पडलंय. मी गयावया केली. ती म्हणाली, सर, नोटीस पाठवली होती. मुदत म्हणजे मुदत. काय हे उद्धट लोक!
तरी एक नोंदवून ठेवतो. लॉन्ग टर्मबद्दलचा माझा अंदाज शंभर टक्के बरोबर निघाला.
बायको गाळा मोजून आली, शिवणाच्या टेपने. मशीन कुठे, आरसा कुठे, कापायचं टेबल कुठे, चहा गार होईपर्यंत सांगत होती.

१२ ऑक्टोबर
गाळा घेतला. सासूबाईंनी. त्यांनी बटण दाबलं होतं. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बायकोला एवढंच म्हणाल्या, जावयांनीच तर शिकवलं. बायकोही ओरडली नाही. ओरडली असती तर परवडलं असतं.
सासूबाईंचं म्यूट काढलं. आता नुसती फुलं येतात.
सुट्टीच्या दिवशी मी गाळ्यात मदत करतो. बायकोने उसवायचं काम दिलंय. म्हणते, त्यात बिघडवण्यासारखं काही नसतं.
आज एका फ्रॉकची डावी बाही उसवायची होती. उजवी उसवली.