तयार घराचं तोंड

६ ऑक्टोबर
पुन्हा तेच! मी म्हणतो मॉड्युलर घर घेऊ, अझहर म्हणतो पॅनेलचं. मेहुणा असला म्हणून प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायचं? फोम भरलेल्या पत्र्याच्या भिंती माणसं गल्लीतून उचलून नेतील, पाहिजे तशा उभ्या करतील, असं त्याचं. पण त्याला तीन महिने. मॉड्युलर म्हणजे अख्खं घर कारखान्यातून तयारच येतं, क्रेनने ठेवलं की झालं. जुलैत लोधिवलीचं घर पडल्यापासून अम्मी खालापुरात भाड्याच्या खोलीत आहे. रोज विचारते, "घरी कदी नेतोस रं?"

७ ऑक्टोबर
मॉड्युलर. ठरलं.

२ नोव्हेंबर
घर आलं. रस्ता मी स्वतः टेपने मोजला होता. वर विजेच्या तारा आहेत हे नाही पाहिलं. क्रेनवाला म्हणाला, "तारांमुळं नकाशापरमाणं आडवं नाय फिरत, रस्त्याच्या रेषेत उभंच ठेवतो." ठेव म्हटलं! अर्धं गाव बघत होतं, मी पेढे वाटत होतो.

३ नोव्हेंबर
अम्मी आली. भिंतीवरून हात फिरवला, खूश झाली. मग संडासात गेली आणि तशीच बाहेर. "इद्रिस, ह्याचं तोंड किबल्याकडं हाय."

नकाशात दक्षिणेला होतं. घर फिरलं, कमोड पश्चिमेला आला. ज्या दिशेला नमाज, तिकडे तोंड करून ती बसणार नाही. जन्मात बसली नाही.

१४ नोव्हेंबर
कंपनीवाले म्हणतात, पाइप लादीत पक्के आहेत, कमोड वळणार नाही. क्रेन आणावी तर तारा तशाच. पॅनेलचं घर आधीच हवं तसं बांधता आलं असतं – हे अझहर बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं. अम्मी दरवेळी काठी टेकत शेजारी रुबिनाकडे जाते. मी गाढव.

२२ नोव्हेंबर
अम्मी रुबिनाच्या पायरीवर पडली. खुबा मोडला. डॉक्टर म्हणतात, या वयात ऑपरेशन झेपणार नाही, घरी न्या.

माझी घाई. दुसरं कुणाचं काही नाही. पॅनेलचं काम चालू असतं तर ती आत्ता खालापुरात माझ्याशी भांडत असती.

५ डिसेंबर
ताप उतरत नाही. मी माफी मागतो, ती छताकडे बघते. खात नाही.

९ डिसेंबर
आज बोलली. "खाट फिरव रं. माजं तोंड किबल्याकडं कर."

अब्बांची अशीच फिरवली होती, शेवटच्या दिवशी.

एका बाजूने मी धरली, एका बाजूने अझहरने. सहज फिरली.