उनाला गोल्फच्या शिबिरात का घालू नये

ती. इशबेलताईस,

धाकट्या भावाचा, म्हणजे तुझ्या मागच्या पत्रातल्या भाषेत ‘दिवसभर छताकडे बघत पडणाऱ्याचा’, नमस्कार. तिकडे भर समुद्रात, तेलविहिरीवरच्या दीडशे दांडगटांची लापशी ढवळून ढवळून तुझा उजवा खांदा धरला होता, तो आता कसा आहे? शेक घेतेस का? हेलिकॉप्टर वेळेवर येतं का? (हे सगळं फोनवरही विचारता आलं असतं, पण फोनवर तू मला दोन वाक्यांपुढे बोलू देत नाहीस, आणि माझी कुठलीच गोष्ट दोन वाक्यांत मावत नाही. म्हणून पत्र.) इकडे सर्व क्षेम. तुझ्या उनाचा वरचा दुसरा दात पडला. तो तिने कुणाला दाखवला नाही, डबीत घालून ठेवला आहे. मी तिला वेळेवर शाळेत सोडतो, वाटाणे खायला लावतो आणि तिची वेणी घालतो. यातलं शेवटचं मला जमत नाही असं तिचं मत आहे. माझी प्रकृती म्हणशील तर भूक, पचन, दात उत्तम. इतर अवयवांची चौकशी कृपा करून करू नये.

तर मुद्द्याचं. तू लिहिलंस की उनाला जुलैतल्या गोल्फच्या शिबिरात घालावं की नाही, हे तुला ठरवता येत नाही, तेव्हा शनिवारी तिला चाचणीला ने, डोळ्यांनी बघ आणि सरळ उत्तर कळव. तुझी काळजी मला कळते. पोरगी सहा वर्षांची. बाप कॅनडाला गेल्यापासून शाळेत कुणाशी बोलत नाही, बाईंच्या दोन चिठ्ठ्या आल्या. मधल्या सुटीत भिंतीला टेकून उभी राहते, आणि घरी आली की आजोबांची कापून आखूड केलेली गोल्फची काठी घेऊन मागच्या अंगणात वाळत घातलेल्या चादरींच्या खालून चेंडू मारत बसते. अशा मुलीला आपल्या गावातल्या लोकांत, जे देवळात जांभई देतील पण हिरवळीवर देणार नाहीत, पंधरा दिवस सोडावं का, असा तुझा प्रश्न. माझं सरळ उत्तर : सोडू नये. आता कारणं ऐक.

पहिलं म्हणजे हा खेळ मुलांचा नाही. मुलांच्या खेळात आरडाओरडा असतो, ढकलाढकली असते, ज्याला हरायचं नाही त्याला भांडून जिंकायची सोय असते. इथे दुसरा मारत असताना श्वास सांभाळून घ्यायचा, त्याच्या चेंडूच्या रेषेवर आपली सावली पडू द्यायची नाही, आणि शेवटी टोपी काढून हात मिळवायचा. सहा-सहा वर्षांची शेंबडी पोरं एकमेकांशी हात मिळवून ‘छान खेळलास’ म्हणताना मी पाहिली, आणि ताई, मला एखाद्या सोसायटीच्या वार्षिक सभेत बसल्यासारखं वाटलं. दुसरं कारण वारा. तिसरं धुकं. चौथं कारण रॅनल्ड पर्डी.

हा रॅनल्ड पर्डी म्हणजे क्लबचा पगारी शिकवणारा. उंच, उन्हाने भाजलेला, बोलताना समोरच्याच्या कोपराला हात लावणारा. (त्याला तसं कोपर धरून बोलायची सवय आहे. बायकांचं कोपर तो जरा जास्त वेळ धरतो.) तुला वाटेल की मॉरव्हेनने त्याच्याशी लग्न ठरवलं म्हणून मी त्याच्याबद्दल असं लिहितो. अजिबात नाही. तिने नसतं ठरवलं तरी मी असंच लिहिलं असतं, फक्त मला इतकी माहिती नसती.

मॉरव्हेनचं एकदा सांगूनच टाकतो, कारण तू घरी सगळ्यांना सांगतेस की स्ट्रुअनने कॉलेज आळसामुळे सोडलं. बाबांना मी सांगितलं होतं की कायद्याच्या शिक्षणावरचा माझा विश्वास उडाला. दोन्ही खोटं. मी पहिल्या वर्षाला होतो तेव्हा मॉरव्हेन शेवटच्या वर्षाला होती. ती शिक्षण संपवून, इतकी गावं सोडून, नेमकी आपल्याच गावात लहान मुलांना गोल्फ शिकवायला आली, हा मला विधात्याचा इशारा वाटला. मार्चमध्ये, परीक्षेला सात आठवडे असताना, मी बॅग भरून निघालो आणि स्टेशनवरून थेट क्लबच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती चेंडूंची बादली धूत होती. माझ्या बॅगेकडे बघून म्हणाली, “परीक्षा लवकर झाली का रे?” मी म्हटलं, मी वाऱ्यासाठी आलोय, शहरात गुदमरतं. ती म्हणाली, “मग खिडकी उघडायची.” एवढंच. आणि मे महिन्यात बोटात अंगठी. आता या मुलीच्या हाताखाली आपली उना पंधरा दिवस काय शिकणार, तूच विचार कर.

असो. शनिवारी सकाळी आम्ही गेलो. धुकं असं की झेंडा दिसत नव्हता. चाचणी म्हणजे छोट्या मैदानावर तीन खळग्यांचा खेळ, दोन-दोन मुलांची जोडी, प्रत्येक मुलाबरोबर पिशवी वाहायला एक मोठं माणूस. आता आपल्याकडची ती रीत तुला माहीतच आहे, की आपले फटके (ज्याचे कमी तो जिंकला) आपण लिहायचे नाहीत, समोरच्याचे लिहायचे. मुलांना लिहिता येत नाही म्हणून ते काम पिशवीवाल्यांकडे. उनाची जोडी लागली कीअर नावाच्या पोराशी, आणि कीअर निघाला पर्डीचा भाचा. त्याची आई बेकरीत अडकलेली, म्हणून त्याची पिशवी घेऊन धुक्यातून कोण यावं? मॉरव्हेन. म्हणजे उनाचं कार्ड तिच्या हातात आणि पर्डीच्या भाच्याचं माझ्या. अंगठीनंतर आम्ही पहिल्यांदा शंभर पावलं एकत्र चाललो, ती ही.

मी मनाशी ठरवलं की कायदा तर कायदा. पहिल्या खळग्यावर मी कीअरचे फटके मोजले, अकरा. मॉरव्हेन म्हणाली दहा. मी म्हटलं, त्या झुडपापाशी काठी चेंडूला लागली होती, चेंडू हलला. ती म्हणाली, “अरे, तो काठी टेकवत होता, पोर आहे ते.” मी म्हटलं, नियमाला वय नसतं. (दीड वर्ष कायदा शिकलोय, ते काही अगदीच वाया गेलं नाही.) कीअरने माझ्याकडे पाहिलं, विचार केला आणि म्हणाला, “हललाय थोडा.” मी अकरा लिहिले. तुला सांगतो, तो आकडा लिहिताना मार्चपासून पहिल्यांदा मला बरं वाटलं. दुसऱ्या खळग्यावर मी त्याचा पाय, सावली, शिंक, सगळ्यावर नजर ठेवली. मॉरव्हेन एकदाच बोलली. म्हणाली, “स्ट्रुअन, तो सहा वर्षांचा आहे आणि त्याने तुझं काहीही नेलेलं नाही.” मी पुढचा फटका लिहिला.

तिसऱ्या खळग्यापाशी तो वाळूचा खोल खड्डा आहे, ज्यात लहानपणी तू मला ढकललं होतंस. उनाचा चेंडू सरळ त्यात. ती काठी घेऊन उतरली, वरून फक्त तिच्या टोपीचा गोंडा दिसत होता. मी काठावर. मॉरव्हेन आणि कीअर पलीकडे धुक्यात. उनाने मारलं, चेंडूला लागलंच नाही. पुन्हा मारलं, पुन्हा नुसती हवा (मारायला गेलं की हुकलेलाही फटका मोजतात). तिसऱ्यांदा वाळू उडाली आणि चेंडू असा सुरेख वर आला की काय सांगू. तोपर्यंत खेळ बरोबरीत होता. पलीकडून मॉरव्हेनने विचारलं, “किती?” त्यांना तिथून वाळूचा एकच फवारा दिसला असणार. मी म्हटलं, एक.

खड्ड्यातून गोंडा वर आला, मागोमाग उना. म्हणाली, “तीन.”

मी म्हटलं, उना, ते आधीचे दोन सरावाचे होते. ती म्हणाली, “नव्हते मामा. मी मारायलाच गेले होते.” मी डोळ्यांनी खुणावलं. ती म्हणाली, “तुझ्या डोळ्यात वाळू गेली का?” मी हळूच म्हटलं, कुणी पाहिलं नाही. तर माझ्या चेहऱ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी एखाद्या परक्या भाषेत बोललो, आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, “मी पाहिलं ना.” मॉरव्हेनने तीन लिहिले. मग पेन्सिल कानामागे खोचून म्हणाली, “स्ट्रुअन, ही तुझी सख्खी भाची ना?”

आता मला सांग, अशा खेळात मुलीला घालायचं? जिथे पोर स्वतःच स्वतःवर फिर्याद करायला शिकतं? ही मोठी होऊन काय करील? नोकरीत कसा टिकाव लागेल हिचा? लग्नात कसा लागेल? ज्या जगात पर्डीसारखे लोक कोपरं धरून पुढे जातात, तिथे ही खड्ड्यातून डोकं काढून तीन म्हणत बसणार.

खेळ उना दोन फटक्यांनी हरली. हात मिळवले, टोप्या काढल्या. मग क्लबच्या पायरीवर त्या दोघांना दूध आणि लोण्याची बिस्किटं दिली, आणि तिथे तो कीअर म्हणाला, “मी एकच मोजला होता.” ही म्हणाली, “तू लांब होतास.” आणि पुढे वीस मिनिटं, मी घड्याळ लावून सांगतो, वीस मिनिटं दोघं बोलत होते. विषय काय, तर वाळू. ओली बरी की कोरडी. मधे तिने त्याला तोंड उघडून पडलेल्या दाताची जागा दाखवली. मला थंडीत उभं करून ठेवलं होतं, म्हणून हे खास नोंदवतो. शिस्त म्हणून काही नाही त्या शिबिरात.

शेवटी चाचणीप्रमुख मिस ड्रायस्डेलबाईंनी कार्ड पाहिलं. बाई पंच्याहत्तरीच्या, नजर घारीची. त्यांचंही मत पडलं की मुलगी अजून लहान आहे, पुढच्या वर्षी बघू. तेव्हा प्रश्नच मिटला. तू मनाला लावून घेऊ नकोस. मी तिला मागच्या अंगणात शिकवीन.

खांद्याला जप. उनाचा तुला पापा, तो तिने माझ्या गालावर देऊन पोचवायला सांगितला आहे, कसा पोचवायचा ते कळत नाही.

तुझा धाकटा भाऊ,
स्ट्रुअन

ता.क. पाकिटात एक हिरवा कागद सापडेल. त्याकडे लक्ष देऊ नये.

ता.क. २ : लक्ष द्यावं. झालं असं की मी वरचं सगळं लिहून पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात उना टेबलापाशी येऊन म्हणाली, “आईला बुटांचं लिहिलंस ना?” मी म्हटलं, हो. आता हो म्हटल्यावर लिहिणं भाग आहे, म्हणून पाकीट फोडलं. मिस ड्रायस्डेलबाई असं काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी कार्डावरचे ते तीन पाहिले, मॉरव्हेनला काहीतरी विचारलं, मग वाकून उनाला म्हणाल्या, “पहिल्या सोमवारी, नऊ वाजता. रबरी बूट घेऊन ये, गवत ओलं असतं.” हिरव्या कागदावर तुझी सही हवी आहे. शुक्रवारपर्यंत क्लबात पोचला नाही तर जागा दुसऱ्याला जाईल, तेव्हा गुरुवारच्या हेलिकॉप्टरने परत धाड. उनाने तिचे बूट आजच दाराशी नेऊन ठेवलेत. तिसऱ्यांदा सरळ करून आली.

ता.क. ३ : एवढं खोटं का लिहिलं म्हणशील. शिबिर रोज नऊ वाजता, आणि दारात मुलांची नावं लिहायला मॉरव्हेन. पंधरा दिवस रोज सकाळी तिच्या हातात उनाचा हात द्यायचा, ‘सुप्रभात’ म्हणायचं, आणि मागे तो पर्डी चेंडू मोजत असणार. माझ्याच्याने होणार नाही ताई. उनाने जावं, जरूर जावं, पण सोडायला मी जाणार नाही. या पत्रात तुझ्याकडे खरं मागणं एवढंच आहे, की तू शेजारच्या गेडीसबाईंना दोन ओळी लिही आणि उनाला सोडायचं त्यांच्या गळ्यात घाल. मी सांगितलं तर कारण विचारतील.

ता.क. ४ : हे उनाला समजावून सांगितलं. ती म्हणाली, “मग मासेवाल्याच्या कोपऱ्यापर्यंत तरी ये.” म्हटलं, कोपऱ्यापर्यंत येईन, पण मॉरव्हेनने विचारलं तर सांग, मामाला सर्दी झाली आहे. तिने माझ्या नाकाकडे नीट बघितलं आणि म्हणाली, “तुला सर्दी नाहीये. तिने विचारलं तर मी सांगणार, मामा कोपऱ्यावर उभा आहे.” तेव्हा गेडीसबाईंना आजच लिही.