आईचा अडतीस नंबर

अबा, ४ मार्च १९९४

चि. उझोअमाका हिला स्कोलास्टिकाताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. आईची तब्येत ब्याऐंशीला शोभेल अशी आहे. म्हणजे तिला हवं तेवढंच ऐकू येतं. यंदा मातृरविवारी चर्चमधल्या आयांच्या नाचात सगळ्यांच्या पुढे तीच असणार आहे आणि त्यासाठी पांढरे बूट हवेत.

आता नीट वाच. गेली तीन वर्षं मी तुला 'पाच नंबर' लिहिते. हा पाच म्हणजे कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर लोक मोजायच्या तो, इंग्लंडचा. तू ह्यूस्टनमध्ये बसून अमेरिकेचा पाच घेतेस. तो बाहुलीला होतो! इंग्लंडचा पाच म्हणजे बाजारातला अडतीस आणि तुमच्याकडच्या बायकांचा सात. एवढा हिशेब तुला मी चौथीतच शिकवला होता. मागच्या वर्षी आई दोन पावलं नाचली आणि मग बूट हातात घेऊन अनवाणी चालत राहिली. नंतर मला म्हणाली की, धाकटीला माझे पाय आठवत नाहीत गं.

म्हणून यंदा आकडाच नको. आईला कागदावर उभं करून दोन्ही पाय पेन्सिलीने उतरवून घेतलेत. पत्र आणि कागद नेहमीसारखे एनुगूच्या तुझ्या मैत्रिणीकडे, ओबियाजेलीकडे, पाठवते. तिकडे निघालेल्या कुणाच्या तरी हाती ती देईल.

लोभ आहेच. यंदा मापात असावा.

स्कोलास्टिकाताई

ह्यूस्टन, २ एप्रिल १९९४

ती. ताईस उझोअमाकाचा शि. सा. न.

वि. वि. तुझं पत्र वाचताना हात आपोआप पुढे झाला, छडी खायला. कागद मिळाला. दुकानातली मुलगी तो बघून हसली. तिने कागदावर पट्टी ठेवली आणि सातच आणा म्हणाली. म्हणजे तू बरोबर, मी चूक, आणि हे तू भिंतीवर चौकटीत लावून ठेवायला हरकत नाही.

बूट ओबियाजेलीमार्फत येतील. इस्पितळात पाळ्या फार लांबतात, म्हणून पत्र आखूड. आईला सांग की तिचे पाय मला आठवतात. डाव्या अंगठ्याचं वाकडेपणही आठवतं.

लोभ असू द्यावा. त्यात थोडा राग मिसळला तरी चालेल.

तुझी उझो

अबा, १७ मे १९९४

उझोअमाका हिस,

आशीर्वाद सध्या माझ्याजवळच ठेवते.

बूट आईला असे बसले की जणू ते घालूनच जन्मली होती. अर्धा तास नाचली. पाद्रीबाबांनी घड्याळ दाखवलं तरी थांबेना. नाचता नाचता एका बुटाचा पट्टा उसवला, म्हणून काल मी अरियारियाच्या बाजारात बूट बनवणाऱ्या ओकेझीकडे शिवायला नेला. त्याने बूट उलटा केला, हसला आणि म्हणाला की, मॅडम, हे तर माझंच लेकरू.

मी म्हटलं, तळाला 'इटली' लिहिलंय, अंकही अमेरिकेचा आहे. तो म्हणाला की इटली तर तो सगळ्यांवरच उठवतो, नाहीतर इथल्या बायका पाय घालत नाहीत. सात मात्र आयुष्यात पहिल्यांदा उठवला, कारण ईस्टरच्या आधी एनुगूहून आलेल्या बाईंनी हट्टच धरला. त्याच्याकडे पस्तीस ते पंचेचाळीसचेच ठसे. शेवटी सदतीसच्या ठशातला तीन झाकून सात काढला. माझा विश्वास बसेना, तेव्हा त्याने खिळ्याला अडकवलेले कागद चाळून एक माझ्या हातात दिला. त्यावर माझ्याच अक्षरात होतं: डावा पाय, आई.

तू कुठे राहतेस, उझोअमाका? दोन ओळींत लिही. दुकानातल्या हसऱ्या मुली नकोत.

स्कोलास्टिका

एनुगू, २४ मे १९९४

ती. ताई,

नमस्कार घेशील की नाही माहीत नाही, तरी करते.

गेल्या सप्टेंबरात परत आले. तिकडे संसार मोडला, मग राहण्याच्या परवान्याचे कागद संपले. ओबियाजेलीकडे राहते आणि इथल्या इस्पितळात काम करते. ऑक्टोबरात घरी आले होते. गुरुवार होता, तू स्त्रीमंडळाच्या सभेला गेली होतीस. आईने जेवू घातलं आणि म्हणाली की स्कोलाला इतक्यात सांगू नकोस, ती तुला फळ्यासमोर उभी करेल. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या गुरुवारी येते. तुझी सभा संपायच्या आत निघते.

बूट 'अमेरिकेहून' यावेत ही कल्पना आईचीच. तुला संशय नको म्हणून. नेहमीसारखा अमेरिकेचा पाच ओकेझीकडून मुद्दाम करून घेता आला असता, म्हणजे तू फसली असतीस. पण तिला पुन्हा अनवाणी नाचवायला मन झालं नाही.

ताई, मला तुझ्यासमोर उभं राहायचं आहे. फळ्यासमोर म्हणालीस तरी.

उझो

अबा, ३० मे १९९४

उझोअमाका,

पत्र मिळालं. आईला वाचून दाखवलं. तिला एकदम काही ऐकू येईना.

आठ महिने रोज संध्याकाळी जपमाळ झाली की ही बाई समुद्रापलीकडच्या लेकरासाठी एक जादा प्रार्थना करते, तीही मोठ्यांदा, आणि मी शेजारी गुडघे टेकून आमेन म्हणते. तुझा संसार मोडला, कागद संपले, ते मी समजू शकते. त्याबद्दल तुला एक शब्द बोलले नसते. बरं, दहा बोलले असते. पण मग खोली झाडून दिली असती. तुम्ही दोघींनी मला ती संधीच दिली नाही.

शेवटी आईने कबूल केलं की तिला माझ्या तोंडाची भीती वाटते. स्वतःच्या आईला! चौतीस वर्षं मुलींना शिकवलं. माझ्या वर्गात कुणी खोटं बोलत नाही, हे सगळ्या शाळेला अभिमानाने सांगायचे. आता एकेकीचा चेहरा डोळ्यांपुढे येतो आणि वाटतं, ही काय लपवत होती?

मला तुझं तोंड बघायचं नाही. आज नाही आणि या आठवड्यातही नाही. आईशीही मी कामापुरतंच बोलते.

परवापासून ती खुर्ची दाराकडे वळवून बसते.

दोन तारखेला गुरुवार आहे. मंडळापुढे विषय फारसे नाहीत, तासाभरात उरकेल. तरी मी साडेसहाच्या आत घरी येणार नाही.

स्कोलास्टिका