जे जे करणे भाग पडेल

बुध., ३ डिसेंबर १९८६
तिसरा अर्ज आज पूर्ण झाला. साडेतीन पाने, एकही खाडाखोड नाही. आमच्या मराठी शाळेतील दोन मास्तरांच्या जागा जूनपासून रिकाम्या आहेत. पुढच्या वर्षी शाळाच राहणार नाही, असे पणजीहून येणारा प्रत्येक जण सांगतो. पहिल्या दोन अर्जांना उत्तर नाही. तात्या, आमचे वडील, गोवामुक्तीपासून त्याच शाळेत शिकवतात. त्यांनी अर्ज दोनदा वाचला व म्हणाले, "भाषा निर्दोष आहे."
दादा दारातूनच म्हणाला, "म्हणूनच कोण वाचीत ना."

शनि., ६ डिसेंबर
कॉलेजातून परतताना बसमध्ये नेहमीचीच कुरबूर. गोव्याची भाषा कोणती, यावर दोन प्रवासी हमरीतुमरीवर आले. कंडक्टर कायतान मध्ये घुसला : "भास खंयचीय आसूं, तिकेट काड!" सगळी बस हसली. माझी जागा त्याने आजही राखली होती, ड्रायव्हरच्या मागची, खिडकीकडची. "बाय, तूं हांगा बस. पुस्तक वाच." तीन वर्षे हे असेच. मी त्याच्याशी एकूण वीस वाक्येही बोलले नसेन.

घरी अंगणात दादा आणि त्याचे चार मित्र. विषय तोच. दादाने तात्यांना सरळच विचारले, "गोवा सुटला तो तुमच्या सत्याग्रहान काय रणगाड्यान? खरें सांगा." तात्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे फिरंगी पोलिसांनी मोडल्यापासून सरळ होत नाहीत. ते बोटांकडे बघत राहिले. पेपरात हा प्रश्न आला असता, तर मी दोन्ही बाजू मांडून दहापैकी नऊ गुण मिळवले असते. अंगणात मात्र एक शब्द सुचला नाही.

सोम., ८ डिसेंबर
दादा आणि त्याच्या मित्रांनी देवीला कौल लावायचे ठरवले. प्रश्नाचे शब्द मी घालावेत, असा दादाचा आग्रह. मी लिहिले : "मातृभाषेच्या रक्षणार्थ जे जे करणे भाग पडेल, ते करण्यास तुझी आज्ञा आहे काय?" वाक्य मनासारखे जमले.
गुरवकाकांनी कागद वाचला आणि पाकळ्या भिजवता भिजवता थांबले. "बाय, देवीक एकच गोष्ट विचारपाची आसता. 'जे जे' अशें कोण विचारीत ना."
मला राग आला. दिसू दिला नाही, पण आला. वाक्य बदलले नाही.
त्यांनी ओल्या पाकळ्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवल्या, प्रश्न मोठ्याने वाचला. सगळे श्वास धरून. उजवी पाकळी पडली. म्हणजे होकार. दादाने माझ्याकडे असे पाहिले, जणू गोव्यात पहिली आलेल्या बहिणीचा आज पहिल्यांदाच उपयोग झाला.

गुरु., ११ डिसेंबर
लिहिले पाहिजे. क्रमाने.
चारची बस. देवळाच्या वळणावर फणसाचे झाड तोडून आडवे टाकलेले. त्यापलीकडे मुले. बस थांबली. कायतान दारातून अर्धा बाहेर वाकला, हात वर केला, ओरडला, "मारूं नाकात! भितर म्हातारीं आसात!"
दगड आला. काचेला नव्हे, त्याला लागला.
पायरीवर बसला. बोटांमधून रक्त. तिकिटांचे पुडके उघडे पडले, रंगीत तिकिटे मांडीवर, रस्त्यावर. मी उठले नाही. जागेवरून सगळे स्वच्छ दिसत होते. कोणी मारला तेही. दगड सोडताना मारणारा जे ओरडला ते कोकणीत होते. घरी आम्ही बोलतो तीच.

शुक्र., १२ डिसेंबर
या वहीत यापुढे त्याला नुसते दा. वही कोणाच्या हाती लागली तर.
दा. जेवला नाही. मीही नाही. आईने दोघांना विचारले, दोघांनी डोके दुखते म्हणून सांगितले.

रवि., १४ डिसेंबर
पणजीच्या इस्पितळात कायतानला पाहायला गेले. डाव्या डोळ्यावर पट्टी. दृष्टी राहील की नाही, ते पट्टी सुटल्यावर कळणार. बायको उशाशी बसलेली. तिने मला स्टूल दिले आणि बाहेर जाऊन उभी राहिली.
मी पाठ करून गेलेली वाक्ये सगळी विसरले.
कायतानच म्हणाला, "कोणें मारलो तें म्हाका खबर आसा, बाय. पोलिसांक सांगलां, हांवें पळोवंक ना." आपण पाहिलेच नाही, असे सांगितले होते त्याने. मग विचारले, "तुजी परीक्षा केन्ना?"
मार्चमध्ये, असे सांगितले.  कौलाचा प्रश्न मी लिहिला होता, हे सांगितले नाही.

मंगळ., १६ डिसेंबर
शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्याची जीप आली. लेखी हुकूम : शाळा चालू राहील, दोन्ही जागा महिन्याभरात भरल्या जातील. शाळेत पेढे वाटले. पोरे घंटा बडवीत राहिली, कोणी अडवले नाही.
दा. मागच्या दारी भेटला. "तुझे तीन अर्ज. आमचें एक झाड आनी एक फातर. सांग, शाळा कोणें राखली?"
"आणि कायतानचा डोळा?"
"मी काचेवर मारलेलो."
"ते मला ठाऊक आहे."
"मगे?"
मगे काय, ते मला आले नाही. शाळा वाचली, हे खरे. अर्जांनी वाचली नाही, हेही खरे. तिसरी गोष्ट, कायतानचा डोळा, तीही खरी; ती कोणत्या वाक्यात बसवू? झाडाने वाचली आणि दगड फुकट गेला, असे सिद्ध करता आले असते तर बरे झाले असते. करून पाहिले. होत नाही. पेढा हातात विरघळला, हात तुळशीत धुतला.

बुध., १७ डिसेंबर
चौकीवरून निरोप. उद्या दहाला जबानी. "पुढच्या बाकावरची तूच. तुला दिसलेच असणार." जागा राखली होती ना.
सरपंच घरी येऊन बसले. "नाव दिलेंस तर हुकूम फिरवतले. म्हणतले, गुंडांची शाळा." ते गेल्यावर मी तात्यांकडे पाहिले. ते म्हणाले, "खरे लिहायला मीच तुला शिकवले. आता काय लिहायचे ते मी सांगणार नाही." आणि वाकडी बोटे दुसऱ्या हाताने चेपत बसले. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांचा राग आला.
देवळात गेले. गुरवकाका अंगण झाडत होते. कौल पुन्हा लावता येईल का, विचारले. "काय विचारतली?" तोंडाशी जे आले ते ऐकून मीच थांबले. नाव देऊ का, एवढेच तर होते. एकच गोष्ट. पण देवीने डावी किंवा उजवी पाकळी दिली असती तर ती देवीची जबानी झाली असती, माझी नव्हे. काकांना नको म्हटले. त्यांनी केरसुणी पुन्हा उचलली.

गुरु., १८ डिसेंबर
सकाळचे साडेआठ. जबानी रात्रीच लिहून ठेवली. पहिले वाक्य कौलाच्या प्रश्नाविषयी आहे, माझ्या सहीसकट. चौकीत त्याचे कोणाला काही वाटणार नाही, तरी ते तिथे आहे. मग बस, झाड, कायतानचा वर केलेला हात, त्याचे शब्द जसेच्या तसे. चौथ्या ओळीत "दगड मारणारा" एवढे लिहून पुढे जागा मोकळी.
या वहीत तरी पूर्ण लिहिते. सदानंद. माझा दादा.
तो अंगणात सायकलची चेन नीट करतो आहे. "बसने जाऊ नको. मी सोडतां तुका." काय लिहिले आहेस, असे त्याने कालपासून एकदाही विचारलेले नाही. आता कॅरिअरवर माझ्यासाठी गोणपाट दुमडून घालतो आहे, लहानपणी शाळेत नेताना घालायचा तसे.
त्या मोकळ्या जागेसाठी पेनात शाई भरून घेतली. हाक मारतो आहे.