पुष्पाबाईची नक्कल

२३ मार्च १९९२

पुष्पाबाई आजही त्याच ओळीवर अडली. पाणी प्यायली, पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच. वर्गातल्या दहाजणींत तीच सगळ्यांत हुशार — आणि एका शब्दापाशी दगड.

तीन तारखेला शिरपूरहून साहेब येणार. वाचून दाखवील तिलाच साक्षरतेचा दाखला. पुष्पाबाईला तो मिळाला तर बालवाडीत मदतनीस म्हणून घेतील. ही जागा गेली तर पुढची कधी निघेल कोण जाणे.

२५ मार्च

शाळेचे पंडित गुरुजी विचारत होते, बायकांना वाचायला नाटक कशाला? म्हटलं, मी अशीच शिकले.

आमचे हे गावच्या नाटकात काम करायचे. पाठांतराला बसले की नक्कल माझ्या हातात द्यायचे — त्यांची स्वतःची वाक्यं आणि आधीच्या माणसाचे शेवटचे दोन शब्द, एवढंच तीत लिहिलेलं. "मी चुकलो की सांग." मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. ऐकत ऐकत बोट सरकवायची. तिसऱ्या नाटकाला मी त्यांची चूक पकडली. हे किती हसले होते.

विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेले, त्याला सहा वर्षं झाली. नाटकांच्या वह्या आणि नकला ट्रंकेतच होत्या. त्यांतलंच एक नाटक उतरवून बायकांना वाटलंय. पुष्पाबाईकडे पाटलिणीचं काम.

२७ मार्च

तिला एकटीला बसवलं. ओळ अशी — "तोताराम, कुठं मेलास? पाणी आण!" तोताराम म्हणजे पाटलिणीचा गडी.

पाटीवर 'तोरण' लिहिलं, तिने वाचलं. 'आराम' लिहिलं, वाचलं. मग ही ओळ दाखवली — ओठ मिटले.

मी रागावले. "घरी वही उघडत नाहीस तू." मान खाली घालून निघून गेली. बोलायला नको होतं.

२८ मार्च

चमेलीबाई वर्गातलीच, पुष्पाबाईची शेजारीण. हसत हसतच आली. "अक्का, तिना नवरा भुसावळले शे ना, त्यासनं नाव तेच शे."

त्यांना गावभर नाना म्हणतात. खरं नाव तोताराम, हे मला काय माहीत!

पुष्पाबाई भिंतीकडे बघत म्हणाली, "बठ्ठं वाचस मी, अक्का. ते नाव कशी लेऊ?"

चमेलीबाई म्हणाली, "घरमा तुना हुकूम चालत नही, आठे फुकटना गडी भेटना तुले." सगळ्या हसल्या. पुष्पाबाई नाही.

३० मार्च

गड्याचं नाव बदलून चिंधा करायला बसले. दोन पानं झाल्यावर आठवलं — मूळ वही साहेबांनी गेल्या महिन्यातच परीक्षेसाठी नेलीय. त्यातूनच वाचायला देणार. आणि तोताराम तर पानोपानी.

तिला म्हटलं, उखाण्यात घेतेस तसं घे. तर म्हणाली, "शिव्या देवाना उखाणा कसा लेतस, अक्का?"

खरंच, 'कुठं मेलास' ही शिवी उखाण्यात कशी बसवणार?

२ एप्रिल

उद्या परीक्षा. तिचं काय होत असेल.

३ एप्रिल

साहेब आले. चमेलीबाई अडखळत का होईना, पार पडली. पुष्पाबाईने दीड पान न थांबता वाचलं. मग ती ओळ. ती गप्प.

"पुढे वाचा." गप्प.

"पाठ केलेलं दिसतंय. इथं विसरल्या," म्हणत साहेबांनी पेन उचललं.

मी उठले. "साहेब, तिला शब्द वाचता आला, म्हणूनच ती थांबली." ते तिच्या नवऱ्याचं नाव आहे, हे सांगितलं.

"बाई, असं तर प्रत्येकजण सांगेल." आणि तिच्या नावापुढे फुली मारली.

पुष्पाबाईने माझ्यापुढची पाटी ओढली. लिहायला लागली. काना-मात्रा जागच्या जागी. पदर पुढे ओढून पाटी साहेबांसमोर धरली.

साहेबांनीच मोठ्याने वाचलं, "तोताराम." मग ती फुली खोडली आणि शेजारी सही केली.

ते गेल्यावर मी पाटी पुसायला घेतली. तिने हातातून काढून घेतली. "ती नही पुसानी, अक्का." छातीशी धरून घरी घेऊन गेली. पाटी शाळेची आहे. गुरुजी मलाच बोलतील.

४ एप्रिल

ट्रंकेतल्या नकला काढल्या. प्रत्येकीवर पहिल्या ओळीत ह्यांचं नाव आहे, त्यांच्याच अक्षरात. मी कायम दुसऱ्या ओळीपासून वाचत आले. मृत्यूचा दाखलासुद्धा नावाची ओळ बोटाने झाकून वाचला.

ते नाव तोंडातून अजून निघत नाही. लिहिते.

अभिमन.